माणशी विक्री वाढली, मग नफा का हलला नाही?

वाचकाचा प्रश्न : मी पंप बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही केसिंग (पंपाचं बाहेरचं कवच) आणि बेअरिंग हाउसिंग (बेअरिंग ज्यात बसतं ते घर) यांचं मशिनिंग बाहेर जॉबवर्कला दिलं. माणसं कमी झाली आणि विक्री तेवढीच राहिली. साहजिकच माणशी विक्रीचा आकडा एकदम वर गेला आणि वार्षिक बैठकीत त्याचं कौतुकही झालं. पण नफा जागचा हललेला नाही, आणि असेंब्लीत रोज काही ना काही अडलेलं असतं. आता खरेदी विभागाने केसिंगचं कास्टिंगच, म्हणजे ओतलेलं कवचच, परदेशातून मागवायचा प्रस्ताव आणलाय. नगामागे २८ टक्के स्वस्त पडेल म्हणतात. मला ते पटत नाही, पण विरोध करायला माझ्याकडे आकडा नाही. बोअरिंगवरचे, म्हणजे आतलं गोल भोक (बोअर) कापणारे, आमचे दोन जुने कामगार पुढच्या वर्षी निवृत्त होतायत, त्यांच्या जागा भरायच्या नाहीत असंही ठरत आलंय. काम बाहेर दिल्याने उत्पादकता खरंच वाढते का? — एक उत्पादनप्रमुख

उत्तर :

नमस्कार,

वाढते, पण तुमच्या बैठकीत दाखवलेल्या आकड्यावरून ते कळणार नाही. काम बाहेर दिलं की माणशी विक्री आपोआप वाढते. त्यासाठी कारखान्यात कोणी एक बोल्टसुद्धा जास्त आवळलेला नसतो.

कागद-पेन्सिल घ्या. समजा तुमची विक्री १००, बाहेरून घेतलेला माल ५० आणि माणसं १००. विक्रीतून विकत घेतलेला माल वजा केला की उरतं ते तुम्ही स्वतः घातलेलं मूल्य, म्हणजे ५०. माणशी अर्धा. आता मशिनिंग बाहेर गेलं. माणसं ७० राहिली, विक्री १००च, पण माल अधिक जॉबवर्क मिळून खरेदी ६४ झाली. माणशी विक्री १ वरून १.४३ वर गेली. ४३ टक्के वाढ म्हटल्यावर टाळ्या पडणारच. पण माणशी मूल्यवर्धन? ३६ भागिले ७०, म्हणजे ०.५१. वाढ तीन टक्क्यांच्याही आत.

अजून एक ओळ बाकी आहे. आलेला माल तपासायला, निवडायला, खरवडून बसवायला तुम्ही ठेकेदाराची माणसं घेतली असतील. ती तुमच्या हजेरीपटावर नसतात आणि त्यांचं बिल ‘इतर खर्चा’त पडतं. अशी सहा माणसं धरा : ३६ भागिले ७६, म्हणजे ०.४७. उत्पादकता कमी झाली की! आकडे मी सोयीसाठी घेतलेत, तुमचे वेगळे निघतील. पण दोन वर्षं नफा जागेवर का, याचं उत्तर बहुधा याच भागाकारात आहे. माणसांऐवजी तास घेतलेत तर आणखी बरं. त्यात ओव्हरटाइम धरा, आणि व्हेंडरच्या मागे धावणाऱ्या तुमच्या इंजिनीअरांचे तासही.

ही गफलत एकट्या तुमच्या कारखान्याची नाही, देशांच्या आकडेवारीतही ती शिरते. अर्थतज्ज्ञ सुसान हाउसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकी कारखानदारीचा हिशेब मांडला. कारखाना महागडा देशी पुरवठादार सोडून स्वस्त परदेशी पुरवठादाराकडे जातो, तेव्हा ती किंमतघट सरकारी किंमत निर्देशांकात नीट पकडली जात नाही. मग कागदावर दिसतं ते असं, की कमी कच्च्या मालात तेवढंच उत्पादन निघालं. त्यांच्या अंदाजाने १९९७ ते २००७ या दशकात कारखानदारीच्या खऱ्या मूल्यवर्धनाची वाढ दर वर्षी ०.२ ते ०.५ टक्के अंकांनी फुगवून दिसत होती. स्वस्तात घेणं आणि चांगलं बनवणं या दोन गोष्टी एकाच रकान्यात पडल्या होत्या. तुमच्या खरेदी विभागाचे २८ टक्केसुद्धा आधी या दोन रकान्यांत वाटून बघा.

म्हणून काम बाहेर देणं वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. उष्णतोपचाराची भट्टी घ्या. अर्धी भरली काय किंवा पूर्ण भरली काय, तापवायला लागणारं इंधन फारसं बदलत नाही. तुमच्या एकट्याच्या शाफ्टनी ती भरत नाही. दहा कारखान्यांचा माल घेणाऱ्याची दिवसरात्र भरलेली असते. त्याचा धातुतज्ज्ञ फक्त तेच बघतो, त्याची कडकपणा मापायची यंत्रं बसून राहत नाहीत. प्लेटिंग, फोर्जिंग, गिअर घासणं ही सगळी याच जातीची कामं. अशी कामं बाहेर गेली की तुमची आणि व्हेंडरची माणसं मिळून एकूण तास खरोखर कमी लागतात. खऱ्या उत्पादकतेची कसोटी हीच : दोन्ही छपरांखालचे तास मिळून कमी झाले का? कमी झाले नसतील आणि तरीही नग स्वस्त पडत असेल, तर तिथे पगार कमी आहे किंवा व्हेंडर पहिलं वर्ष तोट्यात काढतोय. दुसऱ्या कारणाचा फायदा दर-सुधारणेच्या पहिल्या पत्राबरोबर संपतो.

आता बेअरिंग हाउसिंगकडे येतो. असेंब्लीत नेमकं काय अडतंय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण हाउसिंगचा बोअर बाहेर गेलाय म्हटल्यावर मला एक दाट शंका आहे.

पातळ भिंतीचं हाउसिंग तीन जबड्यांच्या चकमध्ये घट्ट आवळलं की किंचित दबतं. त्या दबलेल्या अवस्थेत बोअर अगदी गोल कापला जातो. चक सैल केला की धातू परत आपल्या जागी येतो आणि बोअर तीन ठिकाणी फुगतो. आता त्यात दोन टोकांतलं अंतर मोजणारा बोअर गेज घाला आणि कुठल्याही कोनात फिरवा. आकडा जवळजवळ सारखाच दाखवेल, कारण एका बाजूच्या फुगवट्यासमोर नेमकी चपटी बाजू येते. व्हेंडरचा तपासणी अहवाल स्वच्छ, तुमच्या इनवर्ड तपासणीतही माल पास. मग बेअरिंग दाबून बसवलं की त्याची बाहेरची रिंग बोअरचाच आकार घेते, पंप टेस्ट बेंचवर आवाज करतो, गरम होतो, आणि फिटर बेअरिंगला शिव्या घालत दुसरं बसवतो. तेही तसंच.

तुमच्याकडे हेच काम होत होतं तेव्हा हा त्रास का नव्हता? बोअरिंगवरचा जुना माणूस शेवटच्या कटाआधी चक सैल करून पुन्हा हलक्या हाताने आवळत असणार, किंवा त्याने हाउसिंगच्या मापाचे सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) कापून ठेवले असणार. ड्रॉइंगवर यातलं काही नसतं. तिथे असतो व्यास आणि त्याची मर्यादा; गोलाईची अट कोणी लिहिलेलीच नसते, कारण ती लिहायची गरज कधी पडली नाही. तुम्ही ड्रॉइंग बाहेर पाठवलंत, त्या माणसाचा हात कारखान्यातच राहिला. व्हेंडरने करारात लिहिलेलं सगळं पाळलं आणि तरीही तुमचा पंप गरम होतोय. त्याला दंड कशाच्या आधारावर लावणार?

त्यामुळे आधी ड्रॉइंगवर गोलाईची मर्यादा चढवा आणि तीन टोकांचा बोअर गेज वापरा, पुढचं बोलणं त्यानंतर. आणि ते दोघे निवृत्त व्हायच्या आत त्यांच्या शेजारी एक तरुण सेटर उभा करा. काम उद्या घरात राहो की बाहेर जावो, व्हेंडरला काय सांगायचं हे कळणारं कोणीतरी तुमच्या पगारपत्रकावर असावंच लागतं. ज्या कामाचं ज्ञान घरात उरत नाही त्याची किंमत पुढे व्हेंडर ठरवतो. विमान अभियंता टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये विमानांच्या उत्पादनाच्या आकड्यांवरून दाखवलं होतं की एकूण बनवलेली संख्या दुप्पट झाली की नगामागचे श्रम साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतात. टक्का उद्योगागणिक बदलतो, पण ही शिकवणी मिळते ती प्रत्यक्ष कापणाऱ्याला. दर वर्षी सरावाने जे स्वस्त होतंय ते आता व्हेंडरच्या खिशात जातंय, आणि तुमच्या वार्षिक करारात दरकपातीचं कलम नसेल तर तिथेच राहील.

आता परदेशी कास्टिंग. हा प्रस्ताव देशांतर्गत जॉबवर्कचाच मोठा भाऊ आहे असं समजून खरेदी विभाग चाललाय. माझ्या मते इथे फरक दरापेक्षा जास्त आहे तो चूक कळायला लागणाऱ्या वेळात. तुम्हाला आठवड्याला ५०० केसिंग लागतात असं धरा. जवळच्या फाउंड्रीचा माल तीन दिवसांत मशीनवर चढतो. आतली पोकळी, म्हणजे ब्लोहोल, उघडी पडते ती मशिनिंगमध्ये किंवा हायड्रो टेस्टला पाणी पाझरतं तेव्हा. ती दिसली की फोन जातो, दुपारपर्यंत ओतणं थांबतं, दोन-तीनशे नग संशयित. परदेशातून येणाऱ्या मालात ओतणं, पॅकिंग, बंदरावरची वाट, समुद्र, जकात आणि पुन्हा रस्ता धरून सहज ११ आठवडे जातात. पहिला पाझर दिसेल तेव्हा त्याच साच्यातले साडेपाच हजार नग तुमच्या मागे रांगेत उभे असतील : काही गोदामात, काही जहाजात, काही नुकतेच थंड होत असलेले. डिझाइनमध्ये फासळी दोन मिलिमीटरने जाड करायची ठरली तरी तेच साडेपाच हजार आधी खपवायचे.

वेळेला किती मोल असतं याचा अंदाज डेव्हिड हमल्स आणि गेओर्ग शाउर या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये काढला होता. आयातदार विमान आणि जहाज यांतून निवड कशी करतात ते पाहून त्यांनी मांडलं की वाटेतला एकेक दिवस मालावर ०.६ ते २.१ टक्के जकात बसल्यासारखा असतो. खालचा आकडा धरला तरी ३० दिवसांच्या समुद्रप्रवासाचे १८ टक्के होतात. हा अनेक प्रकारच्या मालाचा हिशेब आहे, तुमच्या कास्टिंगवर तसाच चिकटवू नका. तुमचा आकडा तुम्हीच काढा. पोहोच किंमत म्हणजे भाडं, विमा आणि जकात धरून पडणारी. तिच्यात वाटेतल्या आणि गोदामातल्या जास्तीच्या मालावरचं व्याज, रिजेक्शन, आणि वर्षातून एकदा तरी घाईने विमानाने आणावा लागणारा माल मिळवा. २८ मधले किती उरतात ते बघा. उरतीलही! काही वेळा चांगले भरघोस उरतात, आणि तसं असेल तर हट्टाने नाही म्हणू नका.

परदेशातून आणल्याने उत्पादकता खरोखर वाढल्याचे पुरावे आहेत. हंगेरीतल्या कंपन्यांच्या आकड्यांवरून हाल्पर्न, कोरेन आणि सेडल या तिघांनी निष्कर्ष काढला की १९९३ ते २००२ मधल्या तिथल्या उत्पादकता वाढीचा चौथा हिस्सा आयात केलेल्या मालामुळे आला. पण त्यांचंच म्हणणं असं की या फायद्यातला सुमारे निम्मा भाग परदेशी आणि देशी माल एकमेकांची पुरती जागा घेऊ शकत नाहीत यातून येतो. म्हणजे जे जवळ मिळतच नाही, किंवा तसं मिळत नाही, ते आणलं म्हणून. जास्त टिकणारं मेकॅनिकल सील आणि अचूक कंट्रोलर या मालात बसतात. तुमचं केसिंग बसत नाही. तेच ओतीव लोखंड, तोच साचा, फक्त दर वेगळा.

अमेरिकेबाबतचा अमिती आणि वेई यांचा अभ्यास यापेक्षाही मजेशीर आहे. १९९२ ते २००० या काळात कारखानदारीतल्या कामगार उत्पादकतेच्या वाढीपैकी सुमारे १० टक्के वाढ परदेशाकडे दिलेल्या सेवांमुळे आली आणि परदेशातून घेतलेल्या सुट्या मालामुळे सुमारे ५ टक्के. हिशेब लिहिणं, सॉफ्टवेअर असल्या कामांना कंटेनर लागत नाही, चूक त्याच दिवशी परत पाठवता येते. मला तरी हे कारण पटतं. तुमच्या कंपनीत परदेशी पाठवण्याजोगं आधी काही असेल तर ते बहुधा कार्यालयात आहे, फाउंड्रीत नाही. पण त्या प्रस्तावाचं नाव कोणी काढत नाही, कारण तो मांडणारे कार्यालयातच बसतात.

काम खूप दूर आणि खूप तुकड्यांत वाटल्याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे बोइंगचं ७८७. जुलै २००७ मध्ये पहिलं विमान समारंभपूर्वक बाहेर काढलं तेव्हा ते अनेक ठिकाणी तात्पुरत्या फास्टनरवर उभं होतं, कारण खरे फास्टनर पुरेसे मिळाले नव्हते. पुरवठादारांनी पूर्ण करून पाठवायचे सांगाडे अर्धवट आले होते आणि उरलेलं काम अंतिम असेंब्लीत, कागदपत्रांशिवाय, करावं लागत होतं. मे २००८ ला द्यायचं विमान पहिल्या ग्राहकाला सप्टेंबर २०११ मध्ये मिळालं. मधल्या काळात, २००९ मध्ये, बोइंगने मागचा सांगाडा बनवणाऱ्या व्हॉट कंपनीचा साउथ कॅरोलिनातला कारखानाच विकत घेतला.

पण तुमच्या बैठकीत सांगायचं असेल तर मी जीईचा वॉटर हीटर सांगेन. जिओस्प्रिंग नावाचा हा हीटर चीनमध्ये बनवून घेतला जात होता. २०१२ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन अमेरिकेत, केंटकीतल्या लुइव्हिलच्या आपल्या कारखान्यात आणलं. त्याच्या तयारीसाठी डिझाइनर, उत्पादन इंजिनीअर आणि प्रत्यक्ष लाइनवर काम करणारी माणसं एका खोलीत बसली, तेव्हा लक्षात आलं की आतल्या तांब्याच्या नळ्यांचा गुंता असा आहे की तो जोडायला टॉर्च धरायलाच जागा नाही. तोवर तो गुंता कोणीतरी दूरवर निमूटपणे जोडत होतं, त्यामुळे डिझाइनरला त्याची खबरच नव्हती. गुंता काढून टाकला आणि जोडणीचा वेळ दहा तासांवरून दोन तासांवर आला. ही वाचलेल्या तासांतून आलेली उत्पादकतेची वाढ, आकडेमोडीतली नव्हे. (पुढे खप कमी पडला आणि २०१६ अखेर तो हीटर बंद झाला. म्हणजे घरी आणलं की बाजारही सापडतो, असं नाही.)

जवळच्या व्हेंडरचं एक बलस्थान आकड्यात दिसत नाही. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये आइसिन कंपनीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक लहानसा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळाच तिथे बनायचा आणि टोयोटाकडे साठा होता काही तासांचा. एकावर विसंबण्याची किंमत त्यांनी मोजलीच, लाइन बंद पडल्या. पण आसपासच्या दोनशेच्या घरातल्या पुरवठादारांनी, त्यात एक शिलाई मशीनवालाही होता, आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह करायला घेतला आणि आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. अशी मदत मागायला व्हेंडरशी वर्षानुवर्षांचा संबंध लागतो. दर तिमाहीला कोटेशन मागवून व्हेंडर बदलणाऱ्याच्या हाकेला कोणी धावत नाही.

तर प्रस्तावावर काय म्हणायचं? विरोध नको, अटी घाला. केसिंगच्या मागणीतला वर्षभर न हलणारा भाग, समजा ४० टक्के, परदेशातून; वरखाली होणारा भाग जवळच्या फाउंड्रीकडेच, म्हणजे ती फाउंड्रीही जिवंत राहील. आधी ट्रायल लॉट. त्यातली काही केसिंग कापून बघा. हायड्रो टेस्ट जहाजात चढायच्या आधी तिथेच, तुमच्या प्रतिनिधीसमोर. इथे आल्यावर केलेली टेस्ट फक्त नुकसान किती ते सांगते. पॅटर्नची (ज्यावरून साचा बनतो त्या नमुन्याची) मालकी तुमची असल्याचं करारात लिहून घ्या. ज्या मॉडेलचं डिझाइन पुढच्या वर्षात बदलणार आहे ते या प्रस्तावातून सरळ वगळा.

मोकळ्या झालेल्या जागेचा आणि यंत्रांचाही प्रश्न विचारा, तो कोणी विचारत नाही. मशिनिंग गेलं तरी शेडचं भाडं, क्रेन, देखभाल, तुमचा पगार तिथेच आहे. तो बोजा उरलेल्या कामांवर वाटला जातो, मग ती महाग दिसू लागतात, मग तीही बाहेर जातात. मोकळ्या शेडमध्ये नवं मॉडेल किंवा दुरुस्तीचा विभाग उभा राहणार असेल तर बाहेर देणं फळलं. तिथे रिकाम्या पॅलेट ठेवल्या असतील तर नाही.

शेवटचं थोडं नाजूक आहे. खरेदीप्रमुखांचं मूल्यमापन खरेदीच्या दरावर होत असणार, आणि दुरुस्तीचे तास पडतात तुमच्या विभागाच्या खात्यात. त्यांचे २८ टक्के खरे आहेत, ते खोटं बोलत नाहीयेत. त्यांना तेवढंच दिसतं. म्हणून बैठकीच्या आधी त्यांच्याकडे जा, टेस्ट बेंचवर परत आलेल्या पंपांची गेल्या सहा महिन्यांची नोंद दाखवा, आणि आयात मालाच्या रिजेक्शनचा व दुरुस्तीचा खर्च खरेदी विभागाच्या खात्यावर टाकायला ते तयार आहेत का ते विचारा. तयार झाले तर २८ टक्क्यांचा हिशेब ते स्वतःच नव्याने करतील.